पाठकोरे

सीनचे कागद सेटवर येतात तेव्हा कोमट असतात. लेखकाने रात्री दोनला पाठवलेले, सकाळी साडेनऊला प्रिंटरमधून निघालेले, आणि दहाला आमच्या तोंडून बाहेर पडायचे. मजकूर एकाच बाजूला छापतात. दुसरी बाजू कोरी. माझं आजवरचं समग्र साहित्य त्या दुसऱ्या बाजूवर आहे.

एका पुरवणीत मी पंधरवड्याला सदर लिहिते. लेख गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत द्यायचा. गुरुवारीच टीआरपी येतो, त्यामुळे सेटवर दहावीच्या निकालाची कळा. आकडा घसरला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या व्यक्तिरेखेला दुर्धर आजार, स्मृतिभ्रंश किंवा जुळी बहीण यांपैकी काहीही होऊ शकतं. अशा वेळी पहिल्या पावसाचा गंध वगैरे सुचत नाही.

गोरेगावच्या चित्रनगरीत आमचा वाडा आहे. पुढून चौसोपी, मागून प्लायवूड, बांबू आणि खिळे. त्याचा जिना मी तीन वर्षं चढते आहे, कधी तणतणत, कधी पूजेचं ताट घेऊन. वर काय आहे? एक फळी, आणि त्या फळीवर डबा खाणारा सुतार. तोच माझा लिहायचा कोपरा. खालून ‘कट’ ऐकू येईपर्यंत दोन वाक्यं होतात. सुताराने एकदा विचारलं, “ताई, हिशोब का?” मी हो म्हटलं. ज्या बाईला पैसे ९० दिवसांनी मिळतात ती सारखा हिशोब करत बसली, तर त्यात कुणालाच वावगं वाटत नाही.

(सेटमागे नॅशनल पार्कचं जंगल. बिबट्या फिरकून गेल्याची बातमी आली की दोन दिवस पॅकअप वेळेवर होतं. युनियनला जे जमलं नाही ते त्याला जमतं.)

तर परवाचा गुरुवार. माझा क्लोजअप होता. पडद्यावरच्या माझ्या मुलाचं लग्न मोडत होतं. मुलगा माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, त्याबद्दल आपण नंतर कधीतरी बोलू. डोळ्यांखाली ग्लिसरीन, हातात हळदीकुंकवाचं तबक, आणि हेअर करणाऱ्या ताईंच्या हातात माझा फोन थरथरतोय. घरून. घरचे फोन दोनच प्रकारचे असतात, ताप आणि चार्ट पेपर. हा तिसरा निघाला.

“आई, उद्या ‘माझी आई’ निबंध द्यायचाय. काय लिहू?”

“लिही ना, प्रेमळ आहे.”

“ते सगळेच लिहितात गं!”

“ताई, रोल करतोय,” सहायक दिग्दर्शक म्हणाला. “आणि मघाच्या मास्टर शॉटमध्ये डावीकडचा अश्रू मंगळसूत्राच्या वाट्यांपर्यंत आला होता. तिथपर्यंत लागेल.”

आणला. आमच्या धंद्यात अश्रूला पत्ता द्यावा लागतो. पहिला गालावरच थांबला, दुसरा हनुवटीवरून भलतीकडे वळला, तिसऱ्याने बरोबर वाटी गाठली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात लेकीने फोन ठेवून दिला होता.

अशा वेळी मला दुर्गाबाई कामत आठवतात. १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये त्या पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई झाली मोहिनी. म्हणजे आपल्या सिनेमात पहिली बाई कामाला आली ती लेकीला घेऊनच. पोर डोळ्यांसमोर, पाळणाघराचा प्रश्नच नाही. त्याआधीच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती होते अण्णा साळुंके, एक पुरुष. त्यांच्या निबंधाची घरी कुणी वाट बघत असेल असं वाटत नाही.

दुर्गाबाईंचा कित्ता मीही एकदा गिरवला. मे महिन्यात लेकीला सेटवर नेलं. पहिल्याच टेकला तिने खणखणीत आवाजात जाहीर केलं, “आई खोटं रडतेय!” नंतर तिला मेकअप रूममध्ये बसवलं, आणि रंगवायला म्हणून जुन्या सीनचा गठ्ठा दिला. तो गठ्ठा घरी आला. हे लक्षात ठेवा.

सिनेमेही केले मी. एकात नायकाची वहिनी होते, तीन दिवस शूटिंग. एडिटनंतर पडद्यावर उरला चहा देणारा माझा हात. थिएटरात लेकीने तो बांगडीवरून ओळखला आणि एवढ्या मोठ्याने “आई!” म्हणाली की पुढच्या रांगेतल्या बाई वळून हाताकडेच बघायला लागल्या.

असो. गुरुवारी माझा लेख सीन १४ च्या मागे पूर्ण झाला, सीन १४ रद्द झाला, आणि स्पॉटदादांनी सगळ्या प्रती गोळा करून त्यावर भजी वाढली. मी शोधायला गेले तेव्हा माझा दुसरा परिच्छेद तेलाने पारदर्शक होऊन सीनमध्ये मिसळला होता. संपादकांना कळवलं, “जंगलात नेटवर्क नाही.” रात्री बारा वाजता ओट्यावर, चणे भिजत घालता घालता पुन्हा लिहिला. सासूबाई जाग्या होत्या, पण सध्या मालिकेत मी नीट वागत नाही म्हणून त्या जरा तुटक आहेत.

सोमवारी निबंध तपासून आला. ‘माझी आई रोज रडते. तिला रडायचे पैसे मिळतात, पण ९० दिवसांनी. ती जिन्यावर बसून लिहिते. जिना खोटा आहे. घरी आल्यावर ती मला पाच मिनिटांत येते असे सांगते.’ दहापैकी सात. वळणदार अक्षराबद्दल शाबासकी.

मग मी कागद उलटला. मागे सीन ९. बाईंनी तोही तपासला होता. ‘सुन’चं ‘सून’ केलं होतं, ‘तीला’चं ‘तिला’. सासूच्या तोंडचं ‘का? का? का? का?’ होतं, त्यातले तीन ‘का’ लाल शाईने खोडले होते. खाली शेरा: ‘पाल्हाळ फार. पात्रे एकमेकांचे ऐकत नाहीत. दहापैकी तीन. पालकांनी लक्ष द्यावे.’

मी दोन्ही बाजूंना सही केली.