पाय टेकले पाहिजेत

दुसऱ्याच्या सायकलची सीट ही सार्वजनिक मालमत्ता असते, असा ठराव नाशिकमध्ये कधी संमत झाला, ते मला ठाऊक नाही. गेल्या रविवारी गंगापूर गावाच्या अलीकडे, मळ्यातल्या एका ठिकाणी मिसळ खाऊन मी बाहेर आलो, तेव्हा माझ्या नव्या रोड बाइकची सीट चांगली चार बोटे खाली गेलेली होती आणि तिच्या शेजारी उभे असलेले एक काका रुमालाने हात पुसत, आभार स्वीकारण्याच्या तयारीने माझ्याकडे पाहत होते.

ती सीट मुळात योग्य उंचीवर आणण्यासाठी मी काय सोसले होते, ते सांगितल्याशिवाय माझा संताप कोणाला कळणार नाही. सायकल अंगाला बेतून देणाऱ्या तरुणाने मला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे केले, पुठ्ठ्याच्या बांधणीची एक जाड डायरी माझ्या दोन्ही पायांच्या मधून जितकी वर जाईल तितकी आणि त्याहूनही थोडी अधिक सरकवली, आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले. ते ८२ सेंटीमीटर भरले. या अंतराला ०.८८३ ने गुणण्याचे एक सूत्र आहे. तीनदा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ते ओळखले जाते. गुणाकार ७२.४ आला, म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७२.४ सेंटीमीटर. त्यानंतर सायकल स्टँडवर जखडून, माझ्या कमरेला, गुडघ्याला आणि घोट्याला गोल टिकल्या चिकटवून, पेडल अगदी खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंशांमध्येच वाकतो ना, हे पाहण्यात आले. हे सारे दुकानाच्या काचेच्या दारासमोर, घट्ट चड्डीत, क्लासला जाणाऱ्या मुलामुलींच्या साक्षीने पार पडले. शेवटी सीटच्या दांड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची बारीक खूण करून तो तरुण म्हणाला, ‘‘सर, ही खूण जपा.’’

मी ती जपत होतो. मिसळीच्या ठिकाणी सायकल कुंपणाच्या भिंतीला टेकवताना चेनची बाजू बाहेर राहील आणि रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी दिसेल, याचीही काळजी मी घेतली होती. एवढा खर्च केल्यावर निदान चार लोकांनी थांबून पाहावे, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे. लोक थांबलेही. एकाने पेरू दाबून पाहावा तसा टायर दाबून पाहिला, दुसऱ्याने गिअर उगाचच खटाखट बदलून ठेवले, आणि मी आतून तर्रीत पाव बुडवत हा सन्मान समजून घेत राहिलो. काकांच्या हातात सीटचा बोल्ट सैल करणारी अ‍ॅलन की आहे, हे मात्र तिथून दिसत नव्हते.

‘‘आता बसून बघा, भाऊ,’’ काका म्हणाले.

‘‘काका, सीट तुम्ही खाली केली?’’

‘‘मग! तुम्ही आले तेव्हा बघितलं ना मी. एक पाय पेडलवर, एक पाय हवेत, आणि भिंतीला धरून उतरता. म्हटलं, नवीन दिसतात बिचारे, दुकानदाराने मापच दिलं नाही. पाय टेकले पाहिजेत.’’

मी त्यांना शांतपणे हिशेब समजावून सांगितला. रोड बाइकच्या पेडलचा आसच जमिनीपासून साधारण २७ सेंटीमीटर वर असतो. त्याच्यावर, दांडा तिरका असतो हे लक्षात घेऊन, सीटची उंची धरली की सीट जमिनीपासून ९६ सेंटीमीटरच्या आसपास जाते, आणि माझा पाय आहे ८२ सेंटीमीटरचा. त्यामुळे सीटवर बसल्या बसल्या पाय टेकणे शक्यच नाही. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायचे असतात.

काकांनी सगळे लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे डिझाइनच चुकलंय.’’

मग मी गुडघ्यांवर आलो. सीट खाली असली की गुडघा नको तितका वाकतो, वाटीवर ताण येतो आणि पुढच्या बाजूने दुखू लागतो, हे मी सांगत असताना काकांनी सायकल एका हाताने उचलून हलवून पाहिली.

‘‘वजन तर काहीच नाही. किती दिले?’’

खरा आकडा मी घरीसुद्धा सांगितलेला नसल्यामुळे मी त्याचा निम्मा सांगितला.

‘‘एवढ्याशा वजनाचे?’’ काका हळहळले. ‘‘अन् स्टँडपण नाही दिलं.’’

नाशिकमध्ये सायकलीवर वाद घालणे तसेही अवघड आहे, कारण इथे प्रत्येकाजवळ या विषयातला अभिमान तयार असतो. आपल्या गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून तर सायकल हा घरचाच विषय झाला आहे. मी तोच दाखला देऊन म्हणालो की, एवढे अंतर कापणारी माणसे सीट मिलिमीटरमध्ये मोजून घेतात.

‘‘ते अमेरिकेत गेले होते,’’ काका म्हणाले. ‘‘तुम्हाला सोमेश्वरपर्यंत तर जायचंय.’’

एवढ्यात मिसळवाले मालक हिशेबाची वही घेऊनच बाहेर आले आणि त्यांनी, कोणी न विचारता, काकांची बाजू घेतली. काकांनी सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला उभी हयात काढली असून इथे येणाऱ्यांच्या गाड्या तेच पाहतात, अशी माहिती मला मिळाली. काकांच्या स्कूटरची डिकी उघडीच होती; तिच्यात एका छोट्या गॅरेजचा संसार मांडलेला होता.

‘‘आणि इथे पांढरी चिकटपट्टी होती, ती?’’ मी विचारले. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचे लोक पापड मोडायचे थांबले.

‘‘ती दुकानातली राहून गेली होती. नखाने काढली. डाग राहिला असता, म्हणून पेट्रोलने पुसून घेतलं. अन् सीटचं नाक खाली होतं, ते वर केलं. आता तुम्ही घसरणार नाही.’’

नाक वर केलेल्या सीटवर पुढे वाकून बसल्यास काय होते, याचे वर्णन कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या लेखात करता येत नाही.

मी खिशातली चिमुकली अ‍ॅलन की काढली आणि सीट तिथेच वर घेऊ लागलो, पण बोल्ट तसूभर हलेना. सीटच्या क्लॅम्पवर कंपनीने ‘५ न्यूटन मीटर’ असे स्वच्छ छापलेले असते, ते त्याहून जास्त आवळू नये म्हणून. काकांनी अ‍ॅलन कीला वरून पाइप लावून आवळले होते. ‘‘हत्ती बसला तरी हलणार नाही,’’ असे आश्वासन त्यांनी दिले. मी त्यांची लांब की मागितली, तेव्हा ‘‘आधी एक चक्कर तर मारा, सवय होईल,’’ म्हणून त्यांनी डिकी बंद केली आणि स्कूटरला किक मारून ते निघूनही गेले.

परतीच्या रस्त्यावर माझे गुडघे छातीपर्यंत येत होते. मागे मेथीची पोती बांधलेले एक आजोबा आपल्या काळ्या सायकलवरून मला मागे टाकून गेले. पुढे गतिरोधकापाशी ते थांबले, तेव्हा त्यांचे दोन्ही पाय जमिनीला छान टेकलेले होते.

एक गोष्ट मला खरोखर समजत नाही. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या चारचाकीचे दार उघडून ड्रायव्हरची सीट पुढे सरकवून ठेवण्याचे कोणाच्या मनात येत नाही, आणि आलेच तर त्याला लोक चोर समजून धरतात. सायकलीच्या बाबतीत मात्र तिला हात लावणारा परोपकारी ठरतो आणि तक्रार करणारा माणूस कद्रू. तो घासलेला बोल्ट बदलण्याचे आणि मापे पुन्हा घेण्याचे पैसे मी दिले. डायरी पुन्हा त्याच मार्गाने वर गेली. दुकानातल्या तरुणाने ‘‘एवढी खाली कोणी केली?’’ असे विचारले, तेव्हा त्याचा रोख माझ्यावरच होता.

पाट्या लावणे हा पुण्याचा प्रांत आहे, त्यात नाशिककराने शिरू नये, हे मला मान्य आहे. तरीही मी सीटच्या दांड्यावर कागदाची एक पट्टी चिकटवली आणि तिच्यावर ‘कृपया सीटची उंची बदलू नये’ असे लिहिले. परवा सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याखाली निळ्या बॉलपेनने कोणी तरी लिहून ठेवले होते : ‘मग पाय कुठे टेकवायचे?’ काका आमच्या सोसायटीत राहत नाहीत.