दालीची बांधणी उकळून होत नाही

चीनच्या युन्नान प्रांतातल्या दालीची निळी-पांढरी बांधणी घरच्या घरी करायची एक कृती सध्या सगळीकडे फिरते आहे: कापडाला रबरबँड लावा, नीळ (इंडिगो रंग) घालून उकळा, मीठ-व्हिनेगर टाका, रात्रभर ठेवा, नक्षी काय उमटेल ते नशीब. तिथल्या बाय नावाच्या वांशिक समाजाची ही कला 2006 साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आली. या कृतीचा तिच्याशी संबंध नाही.

आधी उकळणं. नीळ पाण्यात विरघळतच नाही. उकळलेली भुकटी धाग्यावर नुसती बसते आणि धुतली की निघून जाते. ती विरघळायला अल्कधर्मी पाण्यात तिचं क्षपण (हवेतल्या ऑक्सिजनने होतो त्याच्या उलट रासायनिक बदल) व्हावं लागतं आणि आंबवणीच्या पिंपात ते काम जिवाणू करतात. पीएच 10 ते 11, पाणी कोमट, 25 ते 30 अंश. पिंप तयार झालं की पाणी पिवळट-हिरवं दिसतं, वर तांबूस झाक असलेला निळा फेस येतो. उकळलंत की जिवाणू मेले, पिंप गेलं.

मीठ सुती कापडाच्या डायरेक्ट रंगांना (पाण्यात विरघळून थेट धाग्याला लागणाऱ्या रंगांना) लागतं, निळीला नाही. व्हिनेगर तर पिंपात पडलं की पीएच उतरतो आणि रंग चढणंच थांबतं. त्याची जागा शेवटी, धुण्याच्या पाण्यात. तेही थोडंसं, कापडातला अल्कधर्मीपणा मारायला.

रात्रभर ठेवूनही गडदपणा येत नाही. कापड 5-10 मिनिटं बुडवायचं, पिळून 10-15 मिनिटं हवेत धरायचं. हिरवं कापड डोळ्यांदेखत निळं होतं, तेव्हाच रंग धाग्यात अडकतो. असे सहा ते बारा फेरे. जास्त वेळ पिंपात राहिलं तर आधी चढलेली नीळही पुन्हा विरघळते.



राहिलं नशीब. हे सगळ्यात चुकीचं. दालीजवळच्या झोउचेंग गावात नक्षी आधी ठरते: भोकं पाडलेला साचा ठेवून, धुतल्यावर निघून जाणाऱ्या रंगाने ती कापडावर उतरवतात. मग बायका सुईने त्या रेषेवर टाके घालतात, दोरा ओढून कापड घट्ट चुरगळतात, वर फेरे देऊन गाठ मारतात. फुलपाखराचे पंख घडी घालून एकदम शिवतात, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. रबरबँडने बहुधा धूसर वर्तुळंच मिळतात. रंगवण्याआधी गाठोडं साध्या पाण्यात मुरवायचं, नाहीतर आतली हवा रंग अडवते आणि ठिपके पडतात. दोरा सैल राहिला तर नीळ आत शिरते, पांढरी रेघ मळते. टाके उसवायचे ते कापड धुऊन वाळल्यावर, आणि कात्री दोऱ्याला लावायची. ओल्या कापडात ती हमखास धाग्यात घुसते.