सुकटीचं वेगळं टेबल

गेल्या हिवाळ्यात इथे डेन्मार्कमध्ये ऑर्‌हूसला आम्ही मराठी मंडळींनी एक हॉल घेऊन 'गुलाबजाम' हा मराठी सिनेमा पाहिला. बाहेर चार वाजताच मिट्ट काळोख. लंडनची नोकरी सोडून पुण्यात राधाकडे स्वयंपाक शिकायला आलेला आदित्य पाहून निम्मी मंडळी डोळे पुसत होती. मग डबे उघडले. मी सुकट नेली होती, कांद्यावर परतलेली, दोन आमसुलं टाकून. (युरोपात येताना सामानातून मटण, दूध आणता येत नाही, मासळी मात्र वीस किलोपर्यंत चालते. आमच्या वेंगुर्ल्याच्या माणसांना आणखी काय हवं?) झाकण काढताच एक काकू हळूच म्हणाल्या, "अगं, ते त्या खिडकीपाशी ठेवतेस? वास लागतो गं."

ठेवलं. दोघंजण पाठमोरे उभे राहून निम्मा डबा संपवून गेले, तेही पाहिलं.

घरी येऊन दादाला फोनवर हे सांगितलं, तर त्याने 'अन्नपूर्णी'चा विषय काढला. नयनताराचा हा तमिळ सिनेमा डिसेंबर २०२३चा. श्रीरंगमच्या देवळात नैवेद्य रांधणाऱ्याची मुलगी शेफ होते, मांस शिजवते. मुंबईत पोलिसांकडे तक्रारी गेल्या आणि जानेवारी २०२४मध्ये तो नेटफ्लिक्सवरून उतरवला. आक्षेप नुसत्या बिर्याणीला नव्हता, रामाविषयीच्या एका संवादालाही होता, हे मान्य. पण दादाचं म्हणणं निराळंच. "तू खा ना काय खायचं ते. पडद्यावर कशाला दाखवायचं?" दादा स्वतः बुधवारी, रविवारी बांगड्याशिवाय जेवत नाही.

मला अडतं ते इथेच. पडद्यावरचं पात्र काय खातं हे काढून घेतलं तर त्याचं घर, जात, गाव, खिसा सगळंच पुसलं जातं. 'फँड्री'तलं डुक्कर पाहताना आपण हेलावलो, कारण तिथे ते जब्याच्या घरच्यांच्या मानहानीचं कारण होतं. तेच डुक्कर कुणी चवीने रांधतंय, मुलं चुलीभोवती वाट बघत बसलीत, असा मराठी प्रसंग मला तरी आठवत नाही. दुःख दाखवलेलं आपल्याला चालतं. मिटक्या मारलेल्या चालत नाहीत.

इथल्या लोकांचा लाडका सिनेमा म्हणजे 'बाबेटचं गेस्टबुड', म्हणजे बाबेटची मेजवानी, १९८७चा. ऑस्कर मिळालेला. सुरुवातीलाच डेन्मार्कच्या युटलंड भागातल्या किनाऱ्यावर घरांबाहेर मासळी वाळत टांगलेली दिसते, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चक्क "अगो बाय!" म्हणाले. गावातल्या दोन धर्मनिष्ठ बहिणी सुकी मासळी आणि पाव-बिअरची पेज यांवर जगतात. त्यांच्याकडे आश्रयाला आलेली फ्रेंच बाबेट लॉटरीत जिंकलेले दहा हजार फ्रँक एकाच जेवणावर उधळते. स्वयंपाकघरात आलेलं जिवंत कासव बघून एका बहिणीला भयंकर स्वप्नं पडतात. मग भाविक मंडळी ठरवतात: जेवायचं, पण चवीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पण पुढे एकेकाचा चेहरा सैलावत जातो, जुनी भांडणं विरघळतात, आणि बोलणं तरीही हवापाण्याचंच! आमच्या पंगतीत हे सहज खपेल. फक्त तिथे कुणी बाबेटचं ताट खिडकीपाशी नेऊन ठेवत नाही.

हे वाचून "बघा, परदेशात कसं मोकळं असतं" असं कुणी म्हणू नये. इथून तासाभराच्या आत असलेल्या रानर्सच्या नगरपालिकेत जानेवारी २०१६मध्ये ठराव झाला, की सरकारी पाळणाघरांमध्ये डॅनिश जेवण, त्यात डुकराचं मांसही, राहिलंच पाहिजे. रोख कुणाकडे होता हे न सांगता कळावं. आपल्याकडे ताटातून काढायला लावतात, इथे ताटात वाढायला लावतात. माझ्या दोन्ही शेजाऱ्यांना तो ठराव पोरकट वाटला होता, पण मतं पडलीच की.

दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे सगळीकडे सारखंच." सारखं नाही रे. ठरावावर वर्तमानपत्रांत भांडता येतं. सिनेमाच उतरवला तेव्हा तो पाहायचा कुठे आणि भांडायचं कशावरून?

पुढच्या खेळासाठी मी मंडळींना बाबेट सुचवलाय. काकूंचा लगेच मेसेज आला, "छान! त्यात काय खातात गं?"

मी लिहिलं, "कासवाचं सूप."

दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही.