मिरची खाऊन कुत्रा राखणदार होत नाही

गावाबाहेर बंगला किंवा फार्महाऊस बांधलं की कुणीतरी तो मेसेज पाठवतंच. पिल्लू आणल्या दिवसापासून साखळीला बांधा. एका माणसाशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका. खाण्यात हिरवी मिरची आणि कच्चं मटण द्या, म्हणजे तिखट होईल. गावठी नको, विलायतीच आणा. पोलिसांचे कुत्रे असेच तयार करतात. आणि गेटवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ची पाटी लावली की चावला तरी जबाबदारी तुमची नाही. यातला एकही सल्ला धड नाही. काही तर थेट अंगाशी येणारे आहेत.

आधी साखळी. कायम बांधलेला कुत्रा बघायचा असेल तर एखाद्या गोडाऊनच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. खुंटीभोवती साखळीच्या मापाचा गोल झिजून गुळगुळीत झालेला असतो, त्यात गवताचं पातं नसतं. पाण्याचं भांडं उपडं. पट्ट्याखालचे केस गेलेले. हा कुत्रा सायकलवाल्यावर भुंकतो, पोस्टमनवर भुंकतो, वाऱ्यानं उडालेल्या कॅरीबॅगवरही भुंकतो. त्यामुळे रात्री दोन वाजता तो भुंकला की मालक कूस बदलून पुन्हा झोपतो. राखणीच्या कुत्र्याचं पहिलं काम वर्दी देणं. ज्या वर्दीला घरचेच उठत नाहीत, तिचा उपयोग फक्त चोराला. बरं, साखळी किती लांब आहे हे चोरालाही दिसतंच की.

आणि हा कुत्रा चावतो कुणाला? पळायला जागा नसलेलं जनावर घाबरलं की जवळ येईल त्याला धरतं. जवळ येतं कोण? भांडं भरायला आलेली बाई, चेंडू आणायला गेलेलं पोर. चोर कशाला जाईल तिथं? शिवाय 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11व्या कलमानुसार आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा, आणि इथं कायद्यानं कुत्र्याचा उल्लेख वेगळा करून केला आहे.

मिरचीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तिनं पोटात आग पडते, उलट्या-जुलाब होतात. दुखणाऱ्या पोटानं कुत्रा चिडचिड करतो आणि मालकाला वाटतं औषध लागू पडलं. कच्च्या मटणाचंही तसंच. त्यानं रक्त वगैरे चढत नाही, जंत मात्र होऊ शकतात. आपल्याकडचे सगळ्यात मुरलेले राखणदार धनगरांच्या तळावर असतात, आणि ते भाकरीवर वाढतात. त्या कुत्र्याची पिल्लं मेंढरांतच जन्मतात, कोकरांच्या अंगावर लोळत मोठी होतात. रात्री कळप जाळीत बसला की कुत्री बाहेरच्या बाजूनं पसरून असतात. लांडग्याची चाहूल लागली की एक भुंकतं, बाकीची त्या दिशेला धावतात. ज्याच्या रानात तळ पडलाय तो शेतकरी आला, तर धनगराची एक हाक पुरते आणि कुत्रं बाजूला होतं. आपलं कोण, परकं कोण आणि धन्याचं म्हणणं काय, हे समजणं म्हणजे राखण. नामिबियात चित्ता संवर्धनाचं काम करणारी संस्था 1994 पासून शेतकऱ्यांना कांगलसारखी मेंढपाळी कुत्री देते. तिथंही पिल्लू लहानपणीच शेळ्यामेंढ्यांत सोडतात. या कुत्र्यांमुळे जनावरं वाचतात आणि शेतकऱ्याच्या गोळीपासून चित्ताही वाचतो.

म्हणूनच ‘कुणालाही हात लावू देऊ नका’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं असल्यापासून तीनेक महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं, ते त्याच्या लेखी नेहमीचं होतं. त्या काळात त्याला छत्रीवाला, हेल्मेटवाला, काठी टेकत येणारे आजोबा, रांगणारं बाळ काहीच दाखवलं नाही, तर पुढे ही सगळीच त्याला संकटं वाटतात. ज्याला सगळेच परके, तो परका ओळखणार कसा? घरी पाहुणे आले की त्याला खोलीत कोंडायचं, म्हणजे नेमकं माणसं येतात तेव्हा राखणदार आत. पिल्लू घरी येईपर्यंत यातला निम्मा काळ सरलेला असतो, तेव्हा ते कुठल्या घरात आणि कसं वाढलंय, तेही बघून घ्या.

आता पोलिसांचे कुत्रे. इथं मेसेज सपशेल खोटा आहे. मुंबई पोलिसांचा झंजीर आठवत असेल. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्यानं धनजी स्ट्रीटवर उभ्या स्कूटरमधला आरडीएक्स शोधला. त्याच्या नावावर 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 काडतुसं जमा आहेत. 2000 साली तो हाडाच्या कर्करोगानं गेला तेव्हा त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. पुण्याच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला हा कुत्रा लॅब्रेडोर होता, म्हणजे पाहुण्यांच्या मांडीवर डोकं ठेवणारी जात.

बॉम्बशोधक पथकाचा कुत्रा एखाद्या प्लॅटफॉर्मवर कामात असताना बघा. बॅगांच्या रांगेवरून नाक फिरवत जातो, मध्येच थबकतो, परत मागे येतो आणि संशय आला की शांतपणे बसून हँडलरकडे बघतो. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही, कारण स्फोटकाला पंजा लागला तर काय होईल ते सांगायला नको. बक्षीस काय, तर चेंडू. त्याच्या लेखी हा सगळा त्या चेंडूचा खेळ. गर्दीत कुणाचा पाय शेपटीवर पडला म्हणून जो उसळतो, तो कुत्रा या कामाला घेतच नाहीत. निमलष्करी दलांमधले बेल्जियन मॅलिनॉइस जातीचे कुत्रे हल्ल्यासाठी तयार करतात हे खरं. पण धरायला शिकवतात तसंच हुकूम मिळताच सोडायलाही शिकवतात. रोज तासन्‌तास काम आणि सोबत कायमचा हँडलर असतो. तोच कुत्रा टू बीएचकेच्या बाल्कनीत ठेवलात तर सोफ्याचं काय होईल ते लिहायला नको.

जातीचा मुद्दा दोन्ही बाजूंनी चुकीचा चालतो. एक बाजू म्हणते गावठी भित्रा, रॉटवायलर आणा. दुसरी म्हणते कारवान, म्हणजे मुधोळचा देशी कुत्रा आणा, तो लष्करातही घेतलाय. मुधोळची पिल्लं 2016 मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात गेली हे बरोबर आहे, आणि त्यांचा अभिमान मलाही आहे. पण कारवान मुळात नजरेनं सावज टिपून पळत गाठणारा शिकारी कुत्रा. ससा दिसला तर तो तुमच्या गेटची राखण करत बसेल याची खात्री देता येत नाही. वर्दी द्यायला दारातला, नीट वाढवलेला गावठी कुत्रा पुष्कळ झाला. ऊन सोसतो, वाटेल ते आजार काढत नाही, आणि गल्लीतलं कोण कुठलं हे त्याला पाठ असतं. लातूर-सोलापूरच्या मे महिन्यात बर्फातला हस्की आणणाऱ्यांविषयी मी बोलत नाही.

राहिली पाटी. भारतीय न्याय संहितेच्या 291व्या कलमाप्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पाटी लावली म्हणून यातून सूट मिळत नाही. उलट कुत्रा चावका आहे हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, असं म्हणायला समोरच्या वकिलाला तीच पाटी कामी येईल. पाटी जरूर लावा, पण गेटची कडी नीट लागते का, रेबीजची लस दरवर्षी दिली जाते का, आणि दूधवाला येतो त्या वेळी कुत्रा कुठं असतो, तेही बघा.