टोपी तेव्हाही फिरायची

जानेवारी उजाडला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं भांडण सुरू होतं. टेनिस बॉलची स्पर्धा, खेळाडूंचा लिलाव, बाहेरगावचे बॅट्समन, मालिकावीराला मोटारसायकल आणि मैदानाभोवती पुढाऱ्यांचे फ्लेक्स. जुनी मंडळी हळहळतात, "आम्ही हौसेनं खेळायचो रे. पैशानं खेळ नासवला."

मी अमेरिकेत, साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला राहतो. इथल्या ब्रँडन मिलमध्ये आता भाड्याची झकपक घरं आहेत. लालबाग-परळच्या माणसाला याचं नवल वाटायचं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी इकडच्या कापडगिरण्यांचे आपापले बेसबॉल संघ होते. गिरणी मालकाची, घरं मालकाची, मैदानही त्याचंच. पुढे बेसबॉलचा नामांकित फलंदाज झालेला जो जॅक्सन पोरवयातच या ब्रँडन मिलमध्ये लागला. शाळेचं नाव नाही; लिहिता-वाचता कधी आलंच नाही. तेराव्या वर्षी तो गिरणीच्या संघात आला. म्हणायला हौशी, पण मॅचमागे अडीच डॉलर मिळायचे. त्यानं बॅटनं चेंडू लांब टोलवला की त्याचे भाऊ टोपी घेऊन प्रेक्षकांत फिरायचे, आणि टोपीत नाणी खणखणायची. (पुढे १९१९च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, लाच प्रकरणात त्याच्यावर कायमची बंदी आली. ती उठली २०२५ साली, तो जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाल्यावर!)

दिवसभर कापसाच्या तुसात राबणाऱ्या पोरानं टोपीतली नाणी घेतली, तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. खटकतं ते वेगळंच. हे संघ निव्वळ गोऱ्यांचे होते. १९१५ला तर या राज्यानं कायदाच केला: कापडगिरणीत गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एका खोलीत काम करायचं नाही. मग एका संघात कुठून खेळणार?

आणि पैशाला शिवत नसत त्यांचं काय? अमेरिकेतल्या हौशी बेसबॉल क्लबांची राष्ट्रीय संघटना उत्तरेतली. खेळाडूनं पैसे घेतलेले तिच्या नियमात बसत नव्हते, इतकी सोवळी. तिनंच १८६७ मध्ये काळे खेळाडू असलेल्या क्लबांना दार बंद केलं. आपल्याकडे पुण्यात दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकरांची गोलंदाजी हिंदू संघाला हवी होती, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यातून. तीही हौसच होती.

म्हणून यंदा ग्रुपवर विचारलं, "लिलावाच्या यादीत आपल्या खालच्या आळीतली पोरं किती?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकानं नव्या मोटारसायकलचा फोटो टाकला.