तो धडा ऑप्शनला टाका

दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ राज्यात पहिलं येतं, याची आता कोणाला बातमीही वाटत नाही. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं वेगळं मंडळ झाल्यापासून पहिल्या नंबराला आपण कोणाला हात लावू दिलेला नाही. तेव्हा पालकहो, पोरांना शिकवण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी शहाणपण सांगावं अशी परिस्थितीच नाही. राहता राहिला एक किरकोळ विषय, वयात येणाऱ्या मुलांची तब्येत. त्याला मार्क नाहीत. आणि मार्क नसलेला विषय ऑप्शनला टाकायचा असतो, हे आपण स्वतः हाफ चड्डीत होतो तेव्हापासून जाणतो. प्रश्न एवढाच, की तो बोभाटा न होता कसा टाकायचा. त्यासाठी हे मार्गदर्शन, विनामूल्य.

सुरुवात शाळेपासून करावी लागेल, कारण तिथे शासनाने जरा घोळ घालून ठेवलाय. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २' नावाचा धडा आहे. त्यात माणसाचं प्रजनन आहे, तेही आकृत्यांसकट. घाबरू नका. मुरलेले शिक्षक तो असा शिकवतात: पहिल्या तासाला जास्वंदीचं फूल आणायला सांगायचं. आपल्याकडे जास्वंदीला काय तोटा? प्रत्येक पोर दोन-दोन फुलं घेऊन येतं. पुंकेसर, कुक्षी, परागनलिका, बीजांड करत फुलाचा चोथा होईपर्यंत तास चालवायचा. पुढचा तास अमिबाला द्यायचा. त्याच्या पुढचा कलमांना. हापूसच्या कलमावर बोलायला लागले तर आपले गुरुजी दिवाळीपर्यंत थांबणार नाहीत. मग माणूस आला, की घड्याळाकडे बघायचं. "हा भाग सोपा आहे, घरी वाचा. आकृती तेवढी काढून आणा, मार्कांना येते."

मुलं आकृती काढून आणतात. पेन्सिलीला टोक काढून, पट्टीने रेघा मारून, नावं सगळी उजवीकडे एकाखाली एक. वहीवर लाल शाईने 'छान' असा शेरा पडतो. त्या आकृतीत पुरस्थ ग्रंथी कुठे आहे ते पोरगा डोळे मिटून दाखवतो. रात्री झोपेत आपली चादर ओली का झाली, ते मात्र त्याला कळत नाही. त्याला वाटतं, आपल्याला काहीतरी मोठा आजार जडला. त्या वयात बहुतेकांचं हे होतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं, एवढं एक वाक्य कोणी बोललं तर पुरे असतं. पण ते तुम्ही बोलायचं नाही. एसटी स्टँडच्या मुतारीत त्याच्यासाठी कागद चिकटवलेला असतोच, 'गुप्तरोगावर हमखास इलाज', खाली मोबाईल नंबर. घरी चुकून विचारलंच, तर आजीने चुलीपुढून न वळता म्हणायचं, "नको ती चौकशी कित्याक व्हयी तुका?" पोरगा पुन्हा विचारत नाही. तो माडीवर जाऊन फोन उघडतो आणि त्यात जे दिसतं त्यालाच शिक्षण समजतो.

कोणी वाद घालायला आलाच, की ही आपली संस्कृती नाही, असं ठणकावून सांगा. फक्त दापोली तालुक्यात सांगताना जरा आजूबाजूला बघून सांगा. १८८२ साली तिथल्याच मुरूडमध्ये र. धों. कर्वे जन्मले. या माणसाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यापायी खटले अंगावर घेतले. १९३४ मध्ये एका खटल्यात त्यांचं वकीलपत्र खुद्द डॉ. आंबेडकरांनी घेतलं. लैंगिक शिक्षणाचा उपद्रव मराठीत आणला तो आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसाने, आता बोला. यावर उपाय सोपा आहे. भाषणात कर्वे म्हटलं की वडिलांचं नाव घ्यायचं, महर्षींचं. त्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालंय, टाळ्या नक्की. मुलाला ऑप्शनला टाका. आपल्या राज्याने २००७ मध्ये तेच केलं: शाळांत किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम येऊ घातला, आमदार खवळले, कार्यक्रम थांबला. तेव्हापासून आपली मुलं कशी निष्पाप आहेत ते त्यांच्या फोनची हिस्टरी न बघता लक्षात येईल.

मुलींच्या बाबतीत काम थोडं अधिक नाजूक आहे. पाळीबद्दल आधी काही सांगू नका. तिला पहिल्यांदा रक्त दिसेल तेव्हा ती घाबरून रडेल, मग सांगायला विषय आपोआप निघतो. सांगायचं ते इतकंच, की कोणाला सांगू नको आणि देवाच्या खोलीकडे फिरकू नको. पुढचं खरं कौशल्य गणपतीत लागतं. चाकरमानी येणार, घर माणसांनी भरणार, पंगती, आरत्या, आणि नेमकी तेव्हाच तारीख. मेडिकलमध्ये जाऊन फक्त दिवस मोजून सांगायचे. डॉक्टरची चिठ्ठी मागून तो बिचारा आपला अपमान करत नाही. ही पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे संप्रेरक असतं, ते प्रत्येकीला चालतंच असं नाही, आधी तपासून मग द्यायचं असतं, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांच्या घरी दीड दिवसाचा असेल. आपल्याकडे गौरीसकट असतो.

रक्ताचाच विषय निघालाय म्हणून सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यासाठी सरकार शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतं, लोह आणि फॉलिक ॲसिडची. ती उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून जेवल्यावर घ्यायची असते. हे कारण मुलींना समजावत बसू नका, नुसत्या गोळ्या वाटा. एकीला मळमळलं की बाकीच्या जणी तोंडात धरतात आणि बाई पाठमोऱ्या झाल्या की खिडकीतून थुंकतात. शाळेमागच्या माडांना दृष्ट लागण्यासारखे नारळ धरतात, ते उगीच नाही. घरीही आपला हातभार लावा: जेवण झाल्या झाल्या कपभर कडक चहा द्या. चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. उलट लिंबू, आवळा जेवणात असला तर ते लागतं, म्हणून आवळे शक्यतो मुंबईला पाठवा.

आता तंबाखू. हा आपला हातखंडा विषय, त्यामुळे इथे जरा ऐसपैस बसू.

२००३ चा कायदा म्हणतो, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही आणि अठरा वर्षांखालच्याला तर कुठेच विकायची नाही. दंड २०० रुपयांपर्यंत. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. आता तुम्ही टेप घेऊन निघालात तर ती गावातल्या रस्त्याने धरायची, की गडग्यावरून उडी मारून पोरं जातात त्या वाटेने? यावर ग्रामसभेत एक बैठक सहज निघते. तेवढ्यात मधली सुट्टी होते. टपरीवाला पोरांना नावाने ओळखतो, त्यांच्या बापाच्या खात्यावर मांडून ठेवतो आणि वर 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे हा गुन्हा आहे' ही पाटीही लावतो. पाटीच्या खिळ्याला पुड्यांची माळ लटकते. दुसरा खिळा मारायचा तर फळी फुटते. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. म्हणून तो समोर लावत नाहीत, मागितल्यावर देतात.

तरीही नुसत्या टपरीवर विसंबून राहू नका. खरे संस्कार घरात होतात. पहाटे चुलीवर तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, वाटून डबीत भरायची आणि मग आजीपासून काकीपर्यंत सगळ्यांनी तर्जनीने दातांना मशेरी लावत मागच्या पडवीत बसायचं. तो वास ज्या पोराच्या नाकात बाळपणापासून बसलाय, त्याला शाळेतल्या तंबाखूमुक्तीच्या शपथेने काही होत नाही. अधूनमधून त्यालाच दुकानात पिटाळायचं, "जा, पाच रुपयांची आण." उरलेल्या पैशांचं चॉकलेट त्याचं. शिवाय सुपारीला कोणी व्यसन म्हटलं तर चिडा. सुपारी म्हणजे बागायत! श्रीवर्धनची रोठा सुपारी आपलं भूषण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवलं. पण त्या संस्थेची एक गुंठाही बाग नाही.

परिणाम दिसायला वेळ लागतो, धीर धरा. आधी पोराला बांगड्याचं तिखलं झोंबायला लागतं. कालपर्यंत दोन वाट्या ओरपणारा पोरगा भातावर नुसती सोलकढी मागतो. आई म्हणते, मसाला बदलला म्हणून असेल. मग गाल आतून पांढुरके आणि ताठ होतात. एखाद्या दिवशी शाळेत दातांचं शिबिर लागतं आणि डॉक्टर म्हणतात, "आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घाल." चांगल्या तोंडात ती जातात. याची दोन जातात, तिसरं ओठाशी अडतं. मागे रांगेतली पोरं हसतात, तोही हसतो, जेवढं उघडतं तेवढ्या तोंडाने. गेलेला लवचिकपणा पुरता परत येत नाही आणि त्यातूनच पुढे कर्करोग होऊ शकतो, हे डॉक्टर सांगत असतात. पण तोवर चहा-बिस्किटं आलेली असतात आणि सरपंचांना फोटो काढायचा असतो.

जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी ठेवला, हे तर परदेशातल्या माणसांचे आपल्यावर थोर उपकार. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. शपथ घेणारी पोरं आंब्याच्या शेवटच्या पेट्या भरत असतात आणि शपथ देणारे गुरुजी घाटावर लग्नाला गेलेले असतात.

गाडीबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला येतंच. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. तरी नाक्यावर चारचौघांत छाती काढून सांगा, "माझो झील सातवीत असल्यापासून गाडी चलयता." हेल्मेट डिकीत असू द्या, पोलीस दिसला तर उपयोगी पडतं. घाटातल्या वळणावर ट्रक दिसला तर पडत नाही, पण तिथे पावती फाडायला कोणी नसतं.

आणि मनाचं म्हणाल तर कोकणी माणसाला मन असतं ते फणसासारखं, आत गोड वगैरे, बिघडत नाही. पोरगा महिनाभर कोणाशी बोलला नाही, तर "बघा, किती शांत झाला" म्हणून त्याचं कौतुक करा. रात्री दोनपर्यंत फोन बघून सकाळी उठत नसेल तर आळशी म्हणा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, हे त्याच्या कानावर पडू देऊ नका. फारच वाटलं तर देवळात कौल लावा. टेली-मानस नावाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६ वर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. हा नंबर घरात भिंतीवर लिहू नका. आल्या-गेल्याला दिसेल, आणि पोरीच्या लग्नाचं बघायचंय.

एवढी काळजी घेऊनही एखादी मुलगी स्वतःच्या पायाने दवाखान्यात गेली तर? धोका आहे खरा. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम काढला, दहा ते एकोणीस वयाच्या सगळ्यांसाठी. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत त्याचं 'मैत्री क्लिनिक' असतं. समुपदेशक असतात, बोललेलं बाहेर जात नाही, पैसे लागत नाहीत. पाळीबद्दल, पुरळांबद्दल, मनात येणाऱ्या नको त्या विचारांबद्दल, कशाबद्दलही विचारा. ही सोय मोडून काढायला आपल्याला खर्च शून्य आहे. त्या दारासमोर एक लाकडी बाकडं असतं आणि त्यावर कोणाची ना कोणाची काकी रक्तदाब मोजायला बसलेली असते.

पोरगी केसपेपर घेऊन वळते. काकी चष्म्यावरून बघते.

"गो बाय, तू हय कित्याक इलंस? आवस खंय तुझी?"

"डोळे तपासूक इलंय."

"डोळ्यांचो डॉक्टर थयसर, त्या टोकाक."

पोरगी त्या टोकाक जाते. डोळे तपासून घेते, नंबर निघत नाही, घरी येते. तिच्याआधी काकीचा फोन आलेला असतो. तिकडे मैत्रीच्या टेबलावरची नोंदवही कोरीच राहते आणि महिन्याच्या शेवटी अहवाल वर जातो: लाभार्थी निरंक, तक्रार निरंक.