‘मंडळीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: चिठ्ठ्या, तक्ते आणि पाळकाचं ओझं

सलाम, मंडळीकर.

एपिस्कोपल चर्चमधल्या (हे अमेरिकेतलं अँग्लिकन परंपरेचं चर्च) नूतनीकरण कार्यशाळांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया लांब आहे आणि रोखठोक आहे, त्यामुळे उत्तरही चार ओळींत उरकणार नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी गोषवारा असा: कार्यशाळा हे कंपन्यांकडून उसनं आणलेलं सोंग आहे, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या डकवून पवित्र आत्मा येत नाही, त्यासाठी गुडघे टेकावे लागतात, अमेरिकेतलं हे चर्च वर्षानुवर्षं आटत चाललंय, त्यांच्याकडून काय शिकायचं, आणि ‘सर्वांचं सेवाकार्य’ म्हणजे पाळकाचा पगार वाचवून त्याचं काम सभासदांच्या गळ्यात मारणं. शेवटचा आरोप सगळ्यात वजनदार आहे, त्याच्याकडे सावकाश येतो.

आधी आटण्याचं. आकडे तुमच्याच बाजूचे आहेत. १९६०च्या दशकाच्या मध्यावर एपिस्कोपल चर्चचे बाप्तिस्मा झालेले सभासद ३४ लाखांच्या वर होते. आज ते १६ लाखांच्या खाली आहेत. कार्यशाळांनी हा उतार थांबवलेला नाही. थांबवू असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा. कार्यशाळेपुढचा प्रश्न बराच लहान असतो: रविवारी चाळीस माणसं येतात, आणि समित्या, जेवणावळी, इमारत सगळं दोनशे माणसांच्या काळातलं आहे. यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं आणि कोणी करायचं?

‘कंपन्यांचं सोंग’ याबद्दल एक गंमत. ओपन स्पेस नावाची पद्धत कंपन्यांत सर्रास वापरतात. आधी विषयपत्रिका नाही. ज्याला विषय आहे त्यानं वर्तुळाच्या मध्ये यायचं, कागदावर लिहायचा, मोठ्यानं सांगायचा आणि वेळ-जागा घालून भिंतीवर लावायचा. ही पद्धत १९८०च्या दशकात ज्या हॅरिसन ओवेन यांनी काढली, ते एपिस्कोपल धर्मगुरू होते. तेव्हा कोणी कोणाकडून उसनं घेतलं, हे एकदा तपासायला हवं. तरी तुमचा मुद्दा निम्मा मान्य. ‘स्टेकहोल्डर’, ‘व्हिजन स्टेटमेंट’, ‘कोअर व्हॅल्यूज’ ही भाषा मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या सभासदांत, शिरली की दुपारपर्यंत सगळे पेंगतात, आणि संध्याकाळी हाती लागलेलं वाक्य कुठल्याही बँकेच्या दारावर लावता येईल असं असतं.

प्रार्थनेचं म्हणाल तर चांगल्या कार्यशाळेचा पहिला पाऊण तास बायबलच्या वचनातच जातो, आणि तिथली पद्धत बघण्यासारखी आहे. लूक १०:१–१२, म्हणजे प्रभू शिष्यांना दोघं-दोघं करून पुढे पाठवतो आणि पिशवी, झोळी, वहाणा घेऊ नका म्हणतो, तो उतारा. तो दोन वेळा वाचतात, दोन वेगळ्या आवाजांत, मध्ये पूर्ण मिनिटभर शांतता. मग प्रत्येकानं आपल्याला कमी ओळखीचा माणूस शोधायचा आणि मन कुठे अडकलं ते पाच-पाच मिनिटं एकमेकांना सांगायचं. परत गोल झाला की स्वतःचं बोलायचं नाही, जोडीदार काय म्हणाला तेवढंच सांगायचं. इथेच बहुतेकांची पंचाईत होते, कारण जोडीदार बोलत असताना ते स्वतःचं उत्तर जुळवत बसलेले असतात. पहिल्या खेपेला निम्मे लोक ‘आमचं असं बोलणं झालं’ म्हणून आपलंच सांगतात. चालवणाऱ्यानं टोकायचं नाही, फक्त विचारायचं, ‘आणि त्या काय म्हणाल्या?’

पण तुम्ही ज्याला कार्यशाळा म्हणता तो शनिवार हा सगळ्या कामाचा लहान तुकडा आहे. खरं काम सहा ते आठ आठवडे आधी सुरू होतं. वेस्ट्री, म्हणजे सभासदांनी निवडलेली कारभारी समिती, चार-पाच जणांचा गट नेमते. त्यात रेक्टर, म्हणजे त्या चर्चचे मुख्य पाळक, बसले तरी चालतात, गटाचे अध्यक्ष मात्र ते नकोत. पाच जणांनी प्रत्येकी सहा घरी जायचं, ४५ मिनिटं बसायचं. ‘आपल्या चर्चमध्ये काय कमी आहे?’ हे विचारायचं नाही. तो प्रश्न विचारला की तीस घरांतून तरुण मुलं, ऑर्गन आणि पार्किंग या तीनच तक्रारी येतात. त्याऐवजी: ही मंडळी आपली आहे असं शेवटचं कधी वाटलं? सोमवार ते शनिवार तुमचा वेळ कशात जातो? बोलणं चालू असताना वही काढायची नाही, बाहेर पडल्यावर लिहायचं.

दुसरी तयारी कंटाळवाणी, पण तिच्याइतकं बोलकं काही नाही. गेल्या तीन महिन्यांत चर्चमध्ये झालेल्या प्रत्येक कामाची यादी करायची: वेदीवरची वस्त्रं धुणं, बुलेटिन छापणं, उपासनेनंतरची कॉफी, हिवाळ्यात पायऱ्यांवरचं बर्फ काढणं, दवाखान्यात भेट, दाराची किल्ली कोणाकडे. प्रत्येकापुढे ते केलेल्या माणसाचं नाव. शंभरेक ओळी होतात आणि त्यांत तीच सहा-सात नावं फिरत राहतात. सोबत उपासनेच्या नोंदवहीतले दहा वर्षांचे आकडे आणि दर १ मार्चपर्यंत डायोसिसला (बिशपच्या हाताखालच्या विभागाला) जाणारा वार्षिक अहवाल ठेवला की मंडळीचं चित्र पुरेसं स्पष्ट होतं. बाहेरून तज्ज्ञ आणण्याआधी हे तीन कागद समोर पाहिजेत. फॉरवर्ड मूव्हमेंट या प्रकाशनसंस्थेच्या ‘रिन्यूअलवर्क्स’सारखी ऑनलाइन प्रश्नावलीही काही ठिकाणी भरून घेतात. ती निनावी असते, पण वीस माणसांच्या मंडळीत ‘वय ३० ते ४०, येऊन दोन वर्षं झाली’ असं लिहिणारी व्यक्ती एकच असते आणि सगळ्यांना ठाऊक असते. लहान मंडळीनं घरी जाऊन बोललेलं बरं.

शनिवार, नऊ ते साडेतीन. चोवीस ते चाळीस माणसं, सहा-सहांची टेबलं, एका घरातले दोघं एका टेबलाला नाहीत. बोलण्याची पद्धत एरिक लॉ या हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या एपिस्कोपल धर्मगुरूंनी बसवलेली: पहिला माणूस बोलतो आणि मग नाव घेऊन दुसऱ्या कोणाला तरी आमंत्रण देतो, शेजारच्याला सहसा नाही. त्यानं बोलावं, ‘पास’ म्हणावं किंवा ‘आत्ता नको’ म्हणावं. काहीही म्हटलं तरी पुढच्याला आमंत्रण त्यानंच द्यायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही. हे बालिश वाटतं खरं. पण वडीलधाऱ्यांनी बोलावल्याशिवाय तोंड उघडायचं नाही अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला ‘कोणीही बोला’ म्हटलं की तो बोलत नाही, आणि अमेरिकन वकील तीन वेळा बोलून घेतो. बोलावणं नावानिशी आलं की हे उलटतं. बिघडतं ते वेळेत: सहा जण, तीन-तीन मिनिटं, म्हणजे अठरा मिनिटं होतात, ठेवायची पंचवीस. दहाच ठेवली तर शेवटची दोघं नेहमी राहतात, आणि ती नेमकी कमी बोलणारी असतात.

आता तुमच्या चिठ्ठ्या. तीन रंग. पिवळी: माझ्या हातांना काय येतं. निळी: चर्चच्या मालकीचं काय आहे. हिरवी: अर्ध्या मैलाच्या आत कोण आणि काय आहे. पिवळ्या चिठ्ठीवर ‘प्रेम’, ‘नेतृत्व’, ‘आदरातिथ्य’ असं लिहिलं असेल तर परत द्यायची. ‘पन्नास जणांचं सूप करता येतं’, ‘स्पॅनिश बोलता येतं’, ‘इन्कम टॅक्सचे फॉर्म भरता येतात’, ‘गाडीचे ब्रेक बदलता येतात’ असं पाहिजे. मग दोन वेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्यांमध्ये रेघ ओढायची. टॅक्स भरणारी बाई, बुधवारी रिकामा पडणारा हॉल आणि मागच्या गल्लीतली नव्यानं आलेल्या कुटुंबांची वस्ती, या तिघांमधून रेघ गेली की तिथे काम दिसतं. यामागचा विचार शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या क्रेट्झमन आणि मॅकनाइट यांचा, १९९३ सालचा: वस्तीत काय नाही याची यादी करण्याआधी काय आहे याची करा. रंगीत ठिपके लावून मतं घ्यायची असतील तर रेक्टरांनी ठिपका लावू नये, निदान शेवटी लावावा. त्यांचा ठिपका आधी पडला की बाकीचे वीस त्याच्याशेजारी जाऊन बसतात.

यातून दोन कामं निवडायची, फार तर तीन. प्रत्येकाला दोन माणसांची नावं, तीस दिवसांच्या आतली पहिली तारीख आणि वेस्ट्रीच्या पुढच्याच बैठकीत ठराव. हजर नसलेल्याचं नाव कुठल्याही कामापुढे लिहायचं नाही. आणि एक जुनं काम बंद झाल्याचं त्याच दिवशी जाहीर करायचं. हे शेवटचं जिथे टळतं तिथे बाकी सगळं तीन महिन्यांत कोसळतं, कारण त्याच सहा-सात माणसांच्या डोक्यावर आठवं गाठोडं ठेवलेलं असतं. बंद करायला सगळ्यात अवघड काय, तर कोणा दिवंगत सभासदानं सुरू केलेला वार्षिक बाजार. त्यासाठी त्या घरच्यांशी आधी बोलून ठेवलेलं असावं लागतं, शनिवारी भर सभेत नाही. चिठ्ठ्या लावलेल्या तक्त्यांच्या गुंडाळ्या वस्त्रांच्या कपाटामागे गेल्या की कार्यशाळा मेली असं समजावं. तीस, साठ आणि नव्वद दिवसांनी त्या भिंतीवर परत लागल्या पाहिजेत.

खर्च विचारलात. हॉल आपला, कागद-मार्कर किरकोळ, जेवण घरचं. पण तीस घरी ४५ मिनिटं म्हणजे साडेबावीस तास, आणि तीस माणसांचे साडेसहा तास म्हणजे १९५ तास. एवढे तास मंडळीकडून घेऊन पुढे काही न करणं ही खरी उधळपट्टी, आणि तिच्याबद्दल तुम्ही चिडला असाल तर रास्त आहे.

आता पाळकाचं ओझं. १९७९च्या प्रार्थनापुस्तकातल्या प्रश्नोत्तरीत, पान ८५५ वर, चर्चचे सेवक कोण असा प्रश्न आहे. उत्तरात आधी सामान्य सभासद येतात, मग बिशप, धर्मगुरू आणि डीकन. तेव्हा काम पाळकाचं होतं आणि ते सभासदांवर ढकललं, ही मांडणी त्या पुस्तकाला मान्य नाही. विचार जुनाच आहे. उत्तर चीनमध्ये मिशनरी असलेल्या रोलंड अ‍ॅलन यांनी १९१२ मध्येच तो मांडला होता, की स्थानिक मंडळीला आपल्यातलेच सेवक द्या, बाहेरून पगारी माणसाची वाट बघायला लावू नका. नेवाडात बिशप वेस्ली फ्रेन्सडॉर्फ यांनी १९७०च्या दशकात आणि उत्तर मिशिगनमध्ये बिशप थॉमस रे यांनी १९८०च्या दशकात तो राबवला. उत्तर मिशिगन म्हणजे तांब्या-लोखंडाच्या खाणींचा मुलूख. बहुतेक खाणी बंद पडल्या, गावं ओसरली, पूर्णवेळ धर्मगुरू परवडेना. तिथे मंडळीनंच प्रार्थना करून आपल्यातली नावं सुचवायची: कोण प्रभुभोजन चालवेल, कोण उपदेश करेल, कोण आजाऱ्यांकडे जाईल. सुचवलेल्यांनी हो किंवा नाही म्हणायचं, मग सगळ्यांनी मिळून दीर्घकाळ अभ्यास करायचा, आणि शेवटी बिशप येऊन कोणाला दीक्षा, कोणाला नेमणूक देणार. एकटा पाळक नाही, गट.

यात तुमचं खरं ठरतं ते पुढे. पहिला गट उत्साही असतो. दहा-पंधरा वर्षांनी त्यातले काही वारतात, काही मुलांकडे राहायला जातात, आणि दुसरा गट तयार करायचं कोणाच्या ध्यानात नसतं. बिनपगारी धर्मगुरूला रजा नसते. आणि जिथे डायोसिस प्रशिक्षणाचा माणूस न देता फक्त पगाराची ओळ कापते, तिथे तुमचा शब्द न् शब्द लागू पडतो. एका शनिवारात धर्मज्ञान येत नाही, हेही खरं. अमेरिकेतल्या सेवानी इथल्या एपिस्कोपल विद्यापीठाचा सभासदांसाठीचा अभ्यासक्रम उगीच चार वर्षांचा नाही.

आपल्याकडे हे चालेल का, असं तुम्ही जाता जाता विचारलंय. उत्तर भारतीय चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झालं त्यात अँग्लिकन मंडळ्याही होत्या, त्यामुळे नातं आहेच. पण एक फरक मोठा. एपिस्कोपल रेक्टरला वेस्ट्री बोलावते आणि त्याची बदली होत नाही. आपल्याकडे डायोसिस पाळकांच्या बदल्या करते. नव्वद दिवसांचा आढावा घ्यायला पाळक तिथे असेलच असं नाही. म्हणून आपल्याकडे दोन नावांऐवजी तीन लिहावीत, आणि तिन्ही गावातच राहणाऱ्यांची.

पाळकच तयार नसले तर काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तर मग कार्यशाळा घेऊ नका. एपिस्कोपल नियमांनुसार उपासना आणि इमारतीचा वापर रेक्टरांच्या हाती असतो. शनिवारी तीस माणसांनी ठरवलेलं काम सोमवारी हॉलच्या किल्लीपाशी अडतं, आणि पुढच्या वेळी त्यांतली दहाच येतात. त्या वर्षी फक्त कामांची यादी करा, नावांसकट, आणि वार्षिक सभेच्या दिवशी दाराजवळच्या फळ्यावर लावा. खाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडा आणि दोरीला पेन्सिल बांधून ठेवा.